पंगत, गाऊन आणि उंच टेबल

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. निघण्याच्या आठवडाभर आधी तो कॉलेजकडून आलेले कागद घेऊन घरी आला. प्रबंधाविषयी, विषयाविषयी त्याला काही विचारायचे नव्हते. जरा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "सर, तिथं जेवायला गाऊन घालून बसतात म्हणे. आणि मास्तर लोक वरच्या टेबलावर. मी बसू कुठं?"

प्रश्न साधा होता. पण ज्याच्या मागच्या पिढ्यांना 'कुठं बसू' या प्रश्नाचे उत्तर गावाने ठरवून दिले होते, त्याने तो विचारावा याला अर्थ आहे. मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले, विचारले, ते येथे मांडतो आहे. आपल्यातली मुलेमुली आता तिकडे जाऊ लागली आहेत, त्यांना ते उपयोगी पडेल. न जाणाऱ्यांनाही पडेल, कारण मुद्दा इंग्लंडपुरता नाही.

आपल्याकडे कॉलेज म्हणजे तास, हजेरी आणि परीक्षा. ऑक्सफर्ड-केंब्रिजला व्याख्याने, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी हे विद्यापीठाचे काम. कॉलेज म्हणजे मूलतः राहण्याची आणि जेवण्याची जागा: खोल्या, प्रार्थनामंदिर, ग्रंथालय, स्वयंपाकघर आणि मधोमध मोठे भोजनगृह, ज्याला 'हॉल' म्हणतात. तेराव्या शतकापासूनची ही घडण आहे. शिक्षक-विद्यार्थ्यांची समोरासमोरची शिकवणी कॉलेजातच होते. पण कॉलेजचे खरे वळण हॉलमध्ये लागते. प्रवेशाचा समारंभ 'मॅट्रिक्युलेशन'. विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे एवढाच त्याचा अर्थ. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या 'मॅट्रिक'पुढे हात टेकले, तो शब्द इथलाच.

'फॉर्मल हॉल' म्हणजे रात्रीची औपचारिक पंगत. लांबच लांब टेबले, दोन्ही बाजूंना बाके, त्यांवर विद्यार्थी. हॉलच्या एका टोकाला, बहुतेक ठिकाणी चौथऱ्यावर, आडवे टेबल असते. ते 'हाय टेबल'. तेथे कॉलेजचे प्रमुख, फेलो आणि त्यांचे पाहुणे. ते आत आले की सगळे उठून उभे राहतात. लॅटिनमध्ये प्रार्थना होते. मग जेवण वाढले जाते. भिंतींवर जुन्या संस्थापकांची, बिशपांची, उमरावांची तैलचित्रे. ऑक्सफर्डला पदवीच्या विद्यार्थ्यांच्या गाऊनमध्येही भेद आहे: साध्या विद्यार्थ्याचा आखूड आणि बिनबाह्यांचा, गुणवत्तेवर 'स्कॉलर' झालेल्याचा लांब आणि बाह्यांचा. कोण कोण आहे हे पाठमोरे पाहूनही कळते.

पंगतीत कोण कुठे बसतो, कोण वाढतो आणि कोण उरलेले खातो, यावरून माणसाची जागा ठरवणारा समाज आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. पण हीच रीत इंग्लंडातही उघडपणे होती, हे आपल्याकडच्या इंग्रजी वाचलेल्या पांढरपेशांनी आपल्याला क्वचितच सांगितले.

गरीब मुलांना त्या कॉलेजांत प्रवेश होता, पण नोकर म्हणून. केंब्रिजला त्यांना 'सायझर' म्हणत, ऑक्सफर्डला 'सर्व्हिटर'. फी माफ किंवा कमी. बदल्यात श्रीमंत विद्यार्थ्यांना आणि फेलोंना जेवण वाढायचे, निरोप पोचवायचे, हलकी कामे करायची. पुष्कळदा त्यांनी जेवायचे ते इतरांचे झाल्यावर, उरलेल्यातून. दुसऱ्या टोकाला उमरावांची आणि धनिकांची मुले. ती जास्त फी भरत आणि विद्यार्थी असूनही फेलोंच्या पंगतीला बसत. उमरावपुत्राच्या टोपीला सोन्याचा गोंडा असे. एकाच छपराखाली, एकाच प्रार्थनेनंतर, एकजण वाढतो आहे आणि एकजण चौथऱ्यावर बसून खातो आहे, दोघेही विद्यार्थीच.

आयझॅक न्यूटन १६६१ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आला तो अशाच खालच्या वर्गात. १६६७ साली तो त्याच कॉलेजचा फेलो झाला. म्हणजे सेवेकरी वर्गात दाखल झालेला सहा वर्षांत उंच टेबलाचा मानकरी झाला. वर्ग आणि जात यांतला फरक ज्यांना अजून कळत नाही त्यांनी ही सहा वर्षे लक्षात ठेवावीत.

पण मला न्यूटनपेक्षा सॅम्युअल जॉन्सनची गोष्ट जास्त बोचली. इंग्रजी कोशकार म्हणून पुढे नावाजलेला हा पुस्तकविक्रेत्याचा मुलगा १७२८ साली ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात आला. त्याचे जोडे इतके फाटले होते की बोटे बाहेर दिसत. कुणीतरी त्याच्या दाराशी नवे जोडे ठेवून गेले. त्याने ते संतापून फेकून दिले. सुमारे तेरा महिन्यांनी पैशाअभावी तो पदवी न घेताच परतला. हा प्रसंग आपल्याकडचे इंग्रजीचे प्राध्यापक स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून आवडीने सांगतात. त्याच चरित्रांतली दुसरी नोंद सांगत नाहीत. मुले खोलीत आहेत की नाहीत हे पाहायला रात्री एका सर्व्हिटरला दारोदार पाठवत. इतर मुले भांडी आणि मेणबत्तीची घरे बडवत, गाणी म्हणत त्याच्यामागे लागत. त्याला ती सर्व्हिटरची 'शिकार' म्हणत. आणि या शिकारीत जॉन्सनही सामील होई. फाटक्या जोड्यांचा जॉन्सन, त्याच्याहून एक पायरी खालच्या मुलामागे.

बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचे मर्म हेच. वरच्याचा राग खालच्यावर काढायची सोय प्रत्येक पायरीवर असते, आणि ती सोय पुष्कळदा 'गंमत', 'परंपरा', 'कॉलेजची मजा' या नावाने येते.

हे मी दूर बसून लिहीत नाही. आमच्या वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनात फिशपाँड असत. पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, व्यासपीठावरून मोठ्याने वाचायच्या, ज्याच्या नावाची निघेल त्याने हसून घ्यायचे. पहिल्या वर्षी माझ्या नावावर 'सरकारी जावई' निघाले. सभागृह हसले. मीही हसलो, न हसणाऱ्याला खिलाडूवृत्ती नाही असे ठरते. दुसऱ्या वर्षी मी फिशपाँडच्या समितीत होतो. पालावरून आलेला, भटक्या जमातीतला एक मुलगा मेसमध्ये खूप भाकरी खायचा. त्याच्यावरची चिठ्ठी मी लिहिली. ती सर्वांत जास्त गाजली. तो पुढे रविवारच्या फीस्टला बसेनासा झाला. उशिरा, गर्दी ओसरल्यावर येई. हे माझ्या तेव्हा लक्षात आले होते, असे आज प्रामाणिकपणे म्हणावे लागेल.

परंपरा आपोआप मऊ होत नाहीत, त्या कुणीतरी मोडाव्या लागतात. सायझर-सर्व्हिटरांची सेवा आणि सोन्याचे गोंडे एकोणिसाव्या शतकात सुधारणांच्या रेट्याने गेले. अँग्लिकन पंथाबाहेरच्यांना फेलोशिपची दारे खुली झाली ती १८७१च्या कायद्याने. स्त्रियांना ऑक्सफर्डने १९२० साली आणि केंब्रिजने १९४८ साली पदवी दिली. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजने १९८८ साली मुलींना प्रवेश दिला तेव्हा तिथल्या काही विद्यार्थ्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि झेंडा अर्ध्यावर उतरवला. उलट उदाहरणही आहे. १९६०च्या दशकात ऑक्सफर्डला वुल्फसन कॉलेज निघाले. त्याचे पहिले अध्यक्ष आयझाया बर्लिन हे रीगात जन्मलेले ज्यू. त्या कॉलेजात हाय टेबल ठेवलेच नाही. आकाश कोसळले नाही.

गाऊनचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. २०१५ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी मतदान केले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मते परीक्षेचा पारंपरिक पोशाख राहावा अशीच पडली. त्यांचा एक युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे: काळ्या कपड्यांत सगळे सारखे, कुणाचा शर्ट किती किमतीचा ते दिसत नाही. गणवेशाने गरिबी झाकते हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. माझे म्हणणे असे की मग गाऊन सर्वांचा एकाच मापाचा असू द्या. जूनमधल्या केंब्रिजच्या 'मे बॉल'चे तर काय सांगावे! रात्रभर नाचगाणी, खाणेपिणे, आणि तिकीट शेकडो पौंडांचे. ज्याला परवडत नाही त्याला अर्धी रात्र काम करून अर्धी रात्र मौज करण्याची सोय काही ठिकाणी आहे. सर्व्हिटर गेला, पण पुरता गेला नाही.

आपल्या मातीतही मेसचा इतिहास आहे. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्यांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर अंघोळ करायला नकार दिला, म्हणून भाऊराव पाटलांना स्वतःच्या बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह काढले. आणि २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमधली काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. शंभर वर्षांत आपण टेबलावर आलो, एवढेच.

लंडनच्या बॅरिस्टरीच्या 'इन'मध्येही हीच जुनी रीत होती. ठरावीक संख्येने तिथल्या हॉलमध्ये जेवणे झाल्याशिवाय सनद मिळत नसे. बाबासाहेबांनी १९१६ साली ग्रेज इनमध्ये नाव घातले. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसलेला, नळाला हात लावण्याची मुभा नसलेला हा माणूस. तिकडे इतरांबरोबर जेवणे हीच त्याची पात्रतेची अट. १९१७ साली तो बडोद्याला नोकरीवर आला तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. १९२० साली पुन्हा लंडन गाठून त्याने ती जेवणे आणि अभ्यास दोन्ही पुरे केले.

त्या मुलाला मी पुढे फोनवर सांगितले: गाऊन नवा घेऊ नकोस, जुने स्वस्तात मिळतात. काटेचमचे बाहेरून आत वापरत यायचे, चुकले तर चुकले. आणि वाढणारी माणसे कोण आहेत ते बघून ठेव, त्यांची नावे विचार. तिसऱ्या आठवड्यात त्याचा निरोप आला. बाकावर मधोमध बसतो, म्हणाला. आणि वाढणाऱ्यांत एक गोव्याचे गृहस्थ आहेत, मराठी समजते त्यांना.