पर्ल स्ट्रीटची खानावळ आणि नेरूळचा अर्क

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला, पेढ्यांच्या उत्तुंग इमारतींच्या दाटीत, पर्ल स्ट्रीटवर विटांचे एक बुटके घर उभे आहे. ‘फ्रॉन्सेस टॅव्हर्न’ हे त्याचे नाव. खाली भोजनगृह व मद्यगृह, माडीवर वस्तुसंग्रहालय. अठराव्या शतकात बसून जेवल्याचा आनंद पदरात पडावा म्हणून लोक तेथे दुरून येतात. त्या आनंदात इतिहास किती आणि रंगभूमी किती, हे पाहण्यासारखे आहे.

१७१९ मध्ये द लान्सी या धनिक घराण्याने हे घर बांधले. १७६२ मध्ये सॅम्युअल फ्रॉन्सेस याने ते विकत घेऊन तेथे खानावळ थाटली. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर, ४ डिसेंबर १७८३ रोजी, सेनापती वॉशिंग्टन यांनी येथल्याच लांब दिवाणखान्यात आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. बेंजामिन टॅलमॅज हा अधिकारी त्या वेळी हजर होता. भरलेला पेला हाती घेतलेल्या सेनापतींना आणि त्यांच्या सोबत्यांना अश्रू आवरले नाहीत, असे त्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. एका खानावळीला राष्ट्रतीर्थाची योग्यता आली ती या प्रसंगामुळे.

पुढे एकोणिसाव्या शतकात या घराला वारंवार आगी लागल्या, वर मजले चढले, दर्शनी भाग पालटला. १९०४ मध्ये ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’ या संस्थेने ते घेतले, तेव्हा त्याचे मूळ रूप दाखविणारे विश्वसनीय चित्र हाती नव्हते. विल्यम मर्सेरो या वास्तुशिल्पज्ञाने उरलेल्या भिंतींचा व त्या काळच्या इतर घरांचा आधार घेऊन १९०७ पर्यंत हे ‘जुने’ घर नव्याने उभे केले. ज्या छपराकडे पाहून पाहुणा भारावतो ते बव्हंशी विसाव्या शतकाचे अनुमान आहे. यात फसवणूक नाही. जीर्णोद्धार झालेल्या देवळाचा कळसही नवाच असतो. मात्र अनुमानाला पुरावा समजू नये. आणि २४ जानेवारी १९७५ रोजी ऐन भोजनाच्या वेळी येथे बॉम्बस्फोट होऊन चार माणसे मृत्यू पावली, हाही याच घराचा इतिहास होय. मात्र तो चवीने ऐकण्याजोगा नाही.

मग खरे जुने ते काय? भिंतींपेक्षा येथे पेय अधिक बोलके ठरते. फ्रॉन्सेसच्या काळी एकेकाच्या पसंतीचा स्वतंत्र पेला हा प्रकार रूढ नव्हता. ‘पंच’ नावाचे पेय मोठ्या वाडग्यात कालवून मेजावर येई आणि मंडळी त्यातूनच वाटून घेत. हे पंच इंग्रजांना मिळाले ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर. कंपनीच्या एका माणसाने १६३२ मध्ये लिहिलेल्या पत्रात हा शब्द प्रथम आढळतो. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७२ नंतर काही वर्षे या किनाऱ्यावर वावरला. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात तो सांगतो, की गोव्यातील उत्तम अर्क नेरूळ येथे गाळला जातो आणि किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून माणसाला निःसत्त्व करणारे ‘पंच’ बनवितात. जिन्नस पाच म्हणून नाव पंच. मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि जायफळासारखा मसाला, हे ते पाच जिन्नस. काही भाषापंडित ही व्युत्पत्ती मानीत नाहीत. ते हा शब्द मद्याच्या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात. तथापि पेय इकडून गेले याबद्दल फारसा वाद नाही.

अमेरिकेत पोहोचेपर्यंत माडाच्या अर्काची जागा वेस्ट इंडीजच्या रमने घेतली. ही रम उसाच्या मळीपासून गाळीत, आणि तो ऊस गुलामांच्या श्रमांवर पिकत असे. जुन्या काळाचा गौरव करणाऱ्या भोजनपत्रिका ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

आज अशा ठिकाणी जे ‘कॉकटेल’ पुढे येते ते या पंचाचे धाकटे भावंड. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने त्याची व्याख्या दिली: मद्य, साखर, पाणी आणि ‘बिटर्स’ म्हणजे कडू वनस्पतींचा अर्क. लिंबू गेले, कडूपणा आला. आणि हळूहळू सामाईक वाडगे जाऊन प्रत्येकाच्या हाती आपापला पेला आला. मद्यमिश्रणावरचे जेरी टॉमस याचे पुस्तक १८६२ मध्ये निघाले, त्यात तऱ्हेतऱ्हेच्या पंचांना भरपूर जागा आहे. पेल्यात खळखळणारा बर्फही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातलाच. बॉस्टनहून निघालेला बर्फ जहाजाने १८३३ मध्ये कलकत्त्यास पोहोचला, तोवर त्याचा मोठा व्यापार सुरू झाला होता.

तेव्हा फ्रॉन्सेसच्या काळाशी जवळीक साधावयाची असेल, तर पाहुण्याने बर्फाचा आग्रह सोडावा, चौघांत एक वाडगे मागवावे आणि वर जायफळ उगाळून घालावयास सांगावे. मग छप्पर १९०७ चे असले तरी त्या चौघांचे फारसे बिघडत नाही.