मोटारसायकलचा बिघाड कसा ओळखावा : तर्कशास्त्राच्या एका शिक्षकाचे अनुभव



संयोजकांनी मला ‘तर्कशास्त्र आणि दैनंदिन जीवन’ असा विषय सुचवला होता. मी म्हटलं, दैनंदिन जीवन फार मोठं आहे, मी त्यातल्या फक्त मोटारसायकलवर बोलतो. मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं दुचाकी चालवली. या दोन गोष्टींचा संबंध मला एका घाटात कळला. त्याकडे येतोच.

आधी न्यायशास्त्रातलं ते प्रसिद्ध उदाहरण. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान का टिकतं? कारण धूर आणि अग्नी यांचं साहचर्य आपण स्वयंपाकघरात पाहिलेलं असतं. तळ्यात अग्नी नाही आणि धूरही नाही, हेही पाहिलेलं असतं. या कायमच्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. आता हेच उलट करून बघा : ‘जिथे अग्नी, तिथे धूर’. चालेल? नाही चालत. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या, अग्नी आहे पण धूर नाही. धूर यायला इंधन ओलं असावं लागतं. ही जी न बोललेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. गाडीचा बिघाड ओळखताना आपण चुकतो, ते बहुतेक वेळा ही अट न दिसल्यामुळे.

आता डोंगरावरून सायलेन्सरकडे येऊ. निळसर धूर दिसला की लोक म्हणतात, ‘इंजिनचं काम निघालं.’ फोर-स्ट्रोक इंजिनात निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, हे बरोबर. पण जुनी येझदी किंवा आर.एक्स. १०० असेल तर? ती टू-स्ट्रोक. तिच्यात पेट्रोलबरोबर ऑईल जळणं हीच रचना आहे, त्यामुळे थोडा निळा धूर स्वाभाविक. म्हणजे ‘फोर-स्ट्रोक’ ही इथली उपाधी झाली. बरं, फोर-स्ट्रोकमध्येही लगेच बोअर-पिस्टनपर्यंत जाऊ नका. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि ऑईलची पातळी बघा. ऑईल जास्त भरलं गेलं असेल तरी धूर येऊ शकतो. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना धुराचा एक झोत येऊन थांबतो की चढावर, जोर लावल्यावर सतत येतो? पहिल्या प्रकारात संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा, दुसऱ्यात पिस्टनच्या रिंगवर. खर्चात फार मोठा फरक पडतो.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदला असेल किंवा चोक ओढलेला राहिला असेल. आणि थंडीत सकाळी पांढरं काही दिसलं, दोन-चार मिनिटांत गेलं, तर तो धूरच नव्हे. ती वाफ. वाफेला धूर समजून केलेल्या अनुमानाचा हेतूच असिद्ध ठरतो. गॅरेजला जायची गरज नाही.

गाडी सुरूच होत नसेल तर काय करावं? इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते, ठिणगी लागते आणि दाब लागतो. तपासणी सोप्याकडून अवघडाकडे, फुकटाकडून खर्चिकाकडे न्यावी. किल स्विच बघा. हसू नका, माझ्यासमोर एका सुशिक्षित गृहस्थांनी बटण बंद ठेवून वीस मिनिटं किक मारली होती. मग पेट्रोलचा कॉक, मग प्लग. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय. तेलकट ओलं असेल तर ऑईल वर येतंय.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात : अमुक असलं की तमुक असतं, अमुक काढलं की तमुक जातं. प्लग, फिल्टर आणि क्लच वायर एकदम बदललीत आणि गाडी सुधारली, तर पैसे तिन्हींचे गेले आणि कारण मात्र कळलंच नाही. पुढच्या वेळी तेच पुन्हा.

ॲव्हरेज कमी झालं तरी हीच पद्धत. आधी टायरमधली हवा, टायर थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे. मग चाक अधांतरी करून हाताने फिरवा. अडखळत असेल तर ब्रेक घासतोय. मग चेन. बहुतेक गाड्यांना चेनचा ढिलेपणा साधारण २० ते ३० मिलिमीटर चालतो, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. इथे हात जोडून एक विनंती करतो. गिअर टाकून, इंजिन चालू ठेवून, फडक्याने चेन पुसू नका. फडकं चेनमध्ये जातं आणि त्याच्यामागून बोटं जातात. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं.

आता घाटाची गोष्ट. मी वीसेक वर्षं स्कूटर चालवली होती, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. नंतर एक मोटारसायकल घेतली, वापरलेली, पुढे डिस्क. काही महिन्यांनी पुढचा ब्रेक नरम लागायला लागला. लीव्हर दोन-तीनदा पंप केला की कडक व्हायचा, मग पुन्हा नरम. मी निष्कर्ष काढला : ब्रेक नरम, म्हणजे लायनर झिजले. गॅरेजमध्ये जाऊन मीच ऐटीत सांगितलं, लायनर बदला. त्यांनी पॅड बदलून दिले. तरी नरमच. मी मनाची समजूत घातली, नवीन आहेत, बसतील हळूहळू.

पुढच्या आठवड्यात पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरत होतो, पत्नी मागे बसलेली. निम्म्या घाटात लीव्हर मुठीला टेकला. ब्रेक नाहीच! मागचा ब्रेक दाबला, गिअर तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला केला, आणि डोंगराच्या बाजूला, गटाराला लागून गाडी कशीबशी थांबली. पत्नी उतरली, बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं ना ब्रेक नरम आहे ते?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. अर्ध्या तासाने लीव्हर आपोआप पुन्हा कडक झाला होता. हळूहळू वाईला उतरलो. तिथल्या मेकॅनिकने ब्रेक ऑईलचं झाकण उघडून दाखवलं. जे फिकट पिवळं असायला हवं, ते कोऱ्या चहासारखं झालं होतं.

माझं कुठे चुकलं? स्कूटरवर माझी व्याप्ती खरी होती. ड्रम ब्रेकमध्ये लायनर झिजले की लीव्हर जास्त आत जातो. पण त्याची उपाधी होती वायर आणि ड्रम. डिस्कमध्ये पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे सरकतो आणि लीव्हर जवळजवळ तसाच राहतो. कमी होते ती टाकीतल्या ऑईलची पातळी. स्पंजासारखा लीव्हर म्हणजे नळीत हवा किंवा वाफ, आणि पंप केल्यावर कडक होणं हे हवेचं लक्षण. लक्षण हातात होतं, मी ते ओळखलं नाही.

आणि ऑईल जुनं झालं तर काय होतं? ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावरच्या चाचणीत किमान १५५ अंशच अपेक्षित असतो. घाटात सतत ब्रेक धरून ठेवला की उष्णता तिथवर पोहोचू शकते, ऑईलला उकळी फुटते आणि वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून लीव्हर मुठीला टेकतो. गार झालं की वाफ पुन्हा द्रव होते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

म्हणून ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, बदलाच. लीव्हर दहा-पंधरा सेकंद घट्ट दाबून धरा. हळूहळू आत जात राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा आतलं सील गेलंय. पातळी कमी दिसली तर नुसतं ऑईल ओतू नका, आधी पॅड बघा. बाटली सीलबंदच घ्या, आणि हे ऑईल रंग खातं, टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. घाट मात्र नेहमी खालच्या गिअरमध्ये उतरायचा.

शेवटी थोडं मॉडिफिकेशनबद्दल, कारण समोर तरुण मंडळी दिसतात. कंपनीने गाडी काही अटी धरून बनवलेली असते. एक भाग बदलला की अट बदलते. ३५ वॅटच्या हेडलाइटच्या जागी ६० वॅटचा बल्ब टाकता, दिसायला जवळजवळ सारखाच. पण वायर आणि होल्डर ३५ वॅटसाठीच होते, ते वितळतात. फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज किंवा चांदी लावता. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो उडत नाही, तेव्हा वायर पेटते. सायलेन्सरचा आवाज वाढला म्हणून ताकद वाढली, हा तर शुद्ध हेत्वाभास. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत.

हवा, चेन, प्लग, फिल्टर, ऑईलची पातळी हे सगळं घरी करा. एक छोटी वही ठेवा : तारीख, किलोमीटर, काय जाणवलं, काय बदललं. ब्रेक आणि वायरिंग जाणकाराकडून करून घ्या. पण तिथे जाऊन माझ्यासारखं ‘लायनर बदला’ असं सांगू नका. ‘ब्रेक नरम लागतो, पंप केला की कडक होतो’ एवढंच सांगा. लक्षण सांगणं आपलं काम, कारण त्याला शोधू द्या.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.