विद्यार्थ्यांचे अर्थसाहाय्य आणि विद्येचा व्यापार

टेक्सास राज्यातील सॅन मार्कस येथील ज्या महाविद्यालयात आपण पडेल ते काम करून शिक्षण पुरे केले, त्याच महाविद्यालयात ८ नोव्हेंबर १९६५ रोजी परत येऊन अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. द्रव्याच्या अभावी कोणाही होतकरू मुलाचे शिक्षण अडू नये, हा त्या कायद्याचा हेतू होता आणि त्याच्या शुद्धतेविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु पुढे याच कायद्याच्या आधाराने सरकारी खजिन्यातील अब्जावधी डॉलर नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांच्या भागधारकांकडे कसे वाहत गेले, हा इतिहास लोककल्याणाची आस्था असणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगा आहे.

या प्रवाहाचे पात्र १९७२ सालच्या दुरुस्तीने रुंद झाले. पुढे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले अनुदान त्या वर्षी सुरू झाले, आणि ते विद्यार्थी जिथे जाईल तिथे त्याच्यामागून जावे असे ठरले. त्याचबरोबर, नफा मिळविण्यासाठी काढलेल्या शिक्षणसंस्थाही इतर संस्थांच्या बरोबरीने या साहाय्यास पात्र झाल्या. व्यवहाराची रीत अशी, की विद्यार्थ्याने कुटुंबाच्या उत्पन्नाचा तपशील देऊन अर्ज करावा, सरकारने अनुदान व कर्ज मंजूर करावे, ती रक्कम महाविद्यालयाकडे पोचावी, महाविद्यालयाने आपले शुल्क वळते करून घ्यावे आणि काही उरलेच तर ते विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. अनुदान परत करावयाचे नसते; कर्ज मात्र विद्यार्थ्याच्याच नावावर राहते. शिक्षण निरुपयोगी ठरले, तर तोटा सोसतो तो विद्यार्थी, आणि त्याच्याकडून वसुली न झाल्यास सरकार. शुल्क पदरात पाडून घेतलेली संस्था बहुधा मोकळी राहते.

हा धोका पूर्वी कोणाच्या ध्यानी आला नव्हता असे नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणासाठी १९४४ साली कायदा झाला, तेव्हा त्या पैशाच्या आशेने ठिकठिकाणी धंदेशिक्षणाच्या शाळा उगवल्या आणि त्यांतील कित्येक केवळ नावाच्याच होत्या. म्हणून १९५२ साली कोरियाच्या युद्धातील सैनिकांसाठी नवा कायदा करताना असे बंधन घातले गेले, की खासगी शाळांच्या मान्यता नसलेल्या कोणत्याही अभ्यासक्रमात सरकारी खर्चाने शिकणारे सैनिक शेकडा ८५ हून अधिक नसावेत. जे शिक्षण घेण्यास स्वतःच्या खिशातील पैसा देणारे शंभरांत १५ देखील मिळत नाहीत, त्याचे मोल संशयास्पद मानावे, हा त्यामागचा साधा विचार. १९९२ साली हेच तत्त्व निराळ्या रूपाने सर्वसाधारण विद्यार्थी-साहाय्यास लागू झाले आणि नफ्याच्या महाविद्यालयांचे उत्पन्न शेकडा ८५ हून अधिक या साहाय्यातून येऊ नये असे ठरले; मात्र १९९८ साली ती मर्यादा ९० पर्यंत सैल करण्यात आली. सैनिकांच्या शिक्षणनिधीची गणना तर या मर्यादेत होतच नसे. त्यामुळे युद्धावरून परतलेला सैनिक हे या संस्थांना विशेष हवेसे गिऱ्हाईक झाले, आणि ही पळवाट बुजविणारा कायदा होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

या महाविद्यालयांनी काही खरी उणीव भरून काढली, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. जॉन स्पर्लिंग यांनी १९७६ साली काढलेल्या फीनिक्स विद्यापीठाने नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी सायंकाळचे वर्ग चालविले आणि पुढे घरबसल्या शिकण्याची सोय केली. जुन्या विद्यापीठांना अशा विद्यार्थ्यांची फारशी फिकीर नव्हती. परंतु १९९४ साली या विद्यापीठाच्या मालक-कंपनीचे भाग शेअर बाजारात आले, तशाच इतर कंपन्याही आल्या, आणि दर तिमाहीस प्रवेशसंख्या वाढलीच पाहिजे असा तगादा शिक्षणाच्या मागे लागला.

सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने अशा ३० कंपन्यांची दप्तरे तपासून जुलै २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यावरून दिसले, की नफ्याच्या महाविद्यालयांत विद्यार्थी शेकडा सुमारे १३, परंतु सरकारी साहाय्यातील त्यांचा वाटा शेकडा सुमारे २५, म्हणजे वर्षाला ३२ अब्ज डॉलर, आणि थकलेल्या कर्जदारांत त्यांचे विद्यार्थी शेकडा ४७. या कंपन्या उत्पन्नापैकी शेकडा २२ हून अधिक रक्कम जाहिरात व भरतीवर खर्चीत, शेकडा १९ हून अधिक नफा घेत, आणि प्रत्यक्ष अध्यापनाच्या वाट्यास शेकडा १७ च्या आसपास येई. प्रवेशासाठी माणसे गोळा करणारे नोकर ३५ हजारांवर होते. शिकलेल्यांस नोकरी मिळवून देण्याच्या कामी मात्र साडेतीन हजारच होते. क्लॉडिया गोल्डिन व स्टेफनी सेलिनी या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी असेही दाखविले, की सरकारी साहाय्यास पात्र असलेल्या संस्थांचे शुल्क, तशाच प्रकारचे शिक्षण देणाऱ्या अपात्र संस्थांहून सुमारे तीन-चतुर्थांशांनी अधिक असते.

याचा परिणाम माणसांवर काय झाला हे कॉरिंथियन कॉलेजेस या कंपनीच्या पतनाने उघड झाले. नोकरी मिळण्याच्या प्रमाणाचे खोटे आकडे दाखवून विद्यार्थी ओढल्याचा ठपका आलेल्या या कंपनीने एप्रिल २०१५ मध्ये आपली उरलेली महाविद्यालये एकाएकी बंद केली आणि सुमारे १६ हजार विद्यार्थी अर्ध्या वाटेवर उभे राहिले. पुढल्याच वर्षी आयटीटी ही अशीच नफ्यासाठी चालणारी शिक्षणसंस्थाही बंद पडली. विद्यार्थ्यांचे सरकारी कर्ज दिवाळखोरीतही सहजासहजी सुटत नाही. म्हणून पदवीचा उपयोग नाही आणि कर्जाची बेडी तर पायात, अशा स्थितीत कित्येकांच्या उमेदीची वर्षे गेली. अखेर जून २०२२ मध्ये कॉरिंथियनच्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचे ५.८ अब्ज डॉलर सरकारने माफ केले. त्याचा भार करदात्यांवर पडला, आणि जिने तो पैसा घेतला होता ती कंपनी केव्हाच नाहीशी झाली होती.

सरकारने गरिबास साहाय्य केले ही चूक नव्हे. ते तर त्याचे कर्तव्यच. चूक ही, की ‘विद्यार्थी दाखल झाला का?’ एवढेच विचारून पैसा दिला गेला आणि ‘तो काय शिकला, पुढे त्याचे काय झाले?’ हे विचारण्यास फार उशीर झाला. आपल्याकडे शिक्षणसंस्थेने नफेखोरी करू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे. तथापि १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालये वाढली, आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांचे शुल्क सरकार भरते तेव्हा तोही पैसा अंती संस्थेकडेच जातो. म्हणून मुलाचे नाव दाखल करण्यापूर्वी प्रत्येक पालकाने संस्थेच्या जाहिरातीकडे पाहू नये. गेल्या तीन वर्षांत तिथून बाहेर पडलेली मुले आज कोठे आहेत, हे त्या मुलांनाच जाऊन विचारावे.