चार मीटरांत मुक्काम
चार मीटरांपर्यंतच्या लहान गाड्यांना २००६ पासून करसवलत मिळाली आणि अनेक छोट्या एसयूव्ही त्याच मापात बेतल्या गेल्या. गाडीत निजू पाहणाऱ्याला ही काटकसर पायाशी जाणवते. मागचे आसन दुमडले तरी बहुधा सहा फूट सपाट जागा लाभत नाही. मध्ये पायरीही राहते. पुढची आसने सरकवून प्लायवूडची फळी व गादी टाकावी. वर्षातून चार सहलींसाठी एवढे पुरे. फळी सुटीच असावी. मूळ रचनेतील कायम फेरबदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत. काचा बोटभर उघड्या ठेवून जाळी लावावी, अन्यथा श्वासाच्या बाष्पाने अंथरूण ओलावते. थंडी कितीही असो, इंजिन वा शेगडी चालू ठेवून निजू नये. कार्बन मोनॉक्साइडला गंध नसतो. निद्रिस्ताला त्याची चाहूलही लागत नाही. उबेला जाड रजई न्यावी.