नोकरी, काम आणि प्रशिक्षण : भिलाईच्या उदाहरणातून रोजगारसज्जतेचा विचार



'रोजगारसज्जता' हा शब्द तुम्ही शासकीय जाहिरातींत, महाविद्यालयाच्या फलकावर आणि कौशल्य केंद्रांच्या पाट्यांवर वाचला असेल. शाळा अर्धवट सुटलेला तरुण किंवा वय वाढलेला प्रौढ कमावता व्हावा म्हणून त्याची करून घेतलेली तयारी, एवढा त्याचा साधा अर्थ. पण तयारी नेमक्या कोणत्या रोजगाराची? या टिपणात आपण याच प्रश्नाच्या मागे लागणार आहोत. उदाहरण म्हणून मी शिकवतो ते भिलाई शहर घेतले आहे. मध्ये एकदा मुंबईत वरळीला आणि एकदा भिलाईला खनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींकडे जाऊन येऊ. तुमच्यापैकी अनेकांना समाजसहभागाच्या उपक्रमात वस्तीतल्या मुलांना शिकवायला पाठवतात. तिथे जाण्याआधी हे वाचलेले बरे.

नोकरी आणि काम

भिलाईत एखाद्याला 'मुलगा काय करतो?' असे विचारा. 'नौकरी में है' आणि 'काम पे जाता है' या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोकरी म्हणजे पोलाद कारखान्याची कायम जागा : महिन्याचा ठरलेला पगार, क्वार्टर, रुग्णालय, निवृत्तीनंतरची सोय. काम म्हणजे ठेकेदाराकडची हजेरी. आज आहे, उद्याचे उद्या. सामाजिक मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 1990च्या दशकापासून इथे दीर्घकाळ क्षेत्रकार्य केले. 'क्लासेस ऑफ लेबर' हा त्यांचा ग्रंथ 2020 मध्ये आला. त्यात भिलाईच्या श्रमिकांची विभागणी त्यांनी याच भेदाच्या आधारे समजावून दिली आहे. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? 'नोकरीला आहे' आणि 'कामाला जातो' ही दोन वाक्ये मराठी घरात एकाच सुरात बोलली जात नाहीत. लग्न ठरवताना तर नाहीच नाही.

माझे म्हणणे असे की आपले बहुतेक प्रशिक्षण कार्यक्रम माणसाला कामासाठी तयार करतात, आणि माणूस मात्र नोकरीच्या आशेने त्यांत नाव घालतो. कार्यक्रम फसला असे आपण ज्याला म्हणतो, त्यातला मोठा भाग या न बोललेल्या तफावतीचा असतो.

आधी जागा, मग प्रशिक्षण

भिलाईची सुरुवात उलट क्रमाने झाली होती. फेब्रुवारी 1955 मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात वर्षाला 10 लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या चार वर्षांत, ज्यांनी पोलाद वितळताना कधी पाहिले नव्हते अशांतून भट्टी चालवणारी माणसे घडवायची होती. शेकडो अभियंते आणि चालक सोव्हिएत कारखान्यांत शिकायला गेले. इथे सोव्हिएत तज्ज्ञ यंत्राशेजारी उभे राहून शिकवत. पंजाब, केरळ, आंध्र, बिहार, आपला विदर्भ अशा चहूकडून लोक आले. ज्यांच्या जमिनी कारखान्यात गेल्या ते आसपासचे शेतकरी मात्र सुरुवातीला भरती व्हायला कचरत होते. एवढ्या मोठ्या बांधकामाला नरबळी लागतो अशा अफवाही त्या काळी पसरल्या होत्या, असे पॅरी यांनी नोंदवले आहे. लोकशिक्षणाचा हा पहिला धडा म्हणायला हरकत नाही. समोरच्याची भीती ऐकून न घेता वर्ग उघडला, तर वर्ग रिकामा राहतो.

त्या प्रशिक्षणाच्या यशाचे श्रेय आपण शिकवण्याच्या पद्धतीला देतो. पद्धत चांगली होतीच. पण शिकणाऱ्याच्या नावाची जागा भट्टीपाशी आधीच रिकामी होती, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची. आज ती स्थिती नाही. एके काळी या कारखान्याच्या पटावर पन्नास हजारांहून अधिक कायम कामगार होते. आता त्याच्या निम्मेही नाहीत, आणि उत्पादन मात्र कितीतरी वाढले आहे. उरलेली कामे ठेकेदारांमार्फत होतात. म्हणजे आजच्या भिलाईतल्या तरुणासमोर कारखान्याचे फाटक तेच आहे, पण आत जाण्याचा पास वेगळा आहे.

प्रमाणपत्र आणि चाचणी-पट्टी

छत्तीसगढने 2013 मध्ये तरुणांना कौशल्यविकासाचा हक्क देणारा कायदा केला. 14 ते 45 वयाच्या कोणीही मागणी केली तर 90 दिवसांत त्याला प्रशिक्षणाची संधी मिळाली पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. दंतेवाड्यात सुरू झालेला 'आजीविका महाविद्यालया'चा प्रयोगही पुढे राज्याच्या इतर जिल्ह्यांत नेण्यात आला. 2015 मध्ये केंद्राची प्रधानमंत्री कौशल विकास योजना आली. हक्क म्हणून हे मोठे पाऊल आहे, आणि ते मी हलक्याने घेत नाही. मात्र हा हक्क प्रशिक्षणाचा आहे, रोजगाराचा नाही. हे वाक्य प्रवेशाच्या दिवशीच प्रशिक्षणार्थ्याला सांगितले पाहिजे.

वेल्डिंगचे उदाहरण घेऊ, कारण भिलाईत सर्वांत जास्त मागणी असलेल्या हस्तकौशल्यांपैकी ते एक आहे. आयटीआयचा वेल्डर हा व्यवसाय एक वर्षाचा आहे, फिटर दोन वर्षांचा. अल्पमुदतीचे वेल्डिंग अभ्यासक्रम काही महिन्यांचेच असतात. तिन्हींच्या शेवटी प्रमाणपत्र मिळते. पण चांगला ठेकेदार प्रमाणपत्र पाहून काम देत नाही. तो दोन पट्ट्या समोर ठेवतो आणि उभ्या स्थितीत जोड मारायला सांगतो. पाइपचे काम असेल तर पाइप 45 अंशांत तिरका पक्का बसवतात. तो फिरवता येत नाही, वेल्डरनेच त्याभोवती फिरायचे. यालाच 'सिक्स-जी' चाचणी म्हणतात. जोड झाल्यावर त्याच्या पट्ट्या कापून वाकवतात किंवा क्ष-किरणांनी तपासतात. भेग किंवा पोकळी दिसली की विषय संपला.

आता केंद्रात काय होते ते पाहा. वेल्डिंगचा हात पुस्तकाने बसत नाही, रॉड जाळून बसतो. आणि रॉडला पैसे पडतात. म्हणून अनेक ठिकाणी पंधरा जणांत एक मशीन, सपाट स्थितीतला सराव आणि वापरायला सोपा ई-6013 रॉड यांवर भागवले जाते. कारखान्यातल्या महत्त्वाच्या जोडांना बहुधा ई-7018 लागतो. तो ओल धरतो, म्हणून वापरण्याआधी ओव्हनमध्ये सुकवावा लागतो. ज्याने हा ओव्हन कधी पाहिलाच नाही त्याच्याकडे 'सहायक वेल्डर' असे लिहिलेला कागद असला, तरी पहिल्या दिवशी तो हेल्परच असतो. मी एखादे वेल्डिंग केंद्र पाहायला जातो तेव्हा हजेरीपट नंतर पाहतो. आधी विचारतो, एका मुलामागे किती किलो रॉड जळाला? उत्तर देताना संचालक अडखळले तर बाकीचे विचारायची गरज उरत नाही.

वरळीचे श्रमिक विद्यापीठ

हा प्रश्न पहिल्यांदा आपल्यालाच पडला आहे असे मात्र नाही. मार्च 1967 मध्ये मुंबईत, वरळीच्या आदर्शनगरात देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. मुंबईत प्रौढ शिक्षणाचे काम दीर्घकाळ करणाऱ्या बॉम्बे सिटी सोशल एज्युकेशन कमिटीने ते उभे केले. त्यामागची कल्पना 'बहुआयामी' प्रौढ शिक्षणाची होती. म्हणजे कामगाराला फक्त यंत्र शिकवायचे नाही. त्याला वाचता यावे, पगाराचा हिशेब कळावा, आरोग्य आणि कायदा कळावा, आणि हे सारे त्याच्या सवडीच्या वेळेत, त्याच्या वस्तीजवळ व्हावे. वरळी हा गिरणी कामगारांचा भाग. 1982च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि साच्यावरचा हात कितीही तयार असला तरी त्याला साच्याबाहेर भाव नसतो, हे मुंबईने पाहिले. बहुआयामी शिक्षणाची गरज त्या दशकाइतकी स्पष्ट एरवी क्वचितच दिसली असेल.

पुढे ही योजना देशभर पसरली. 2000 मध्ये तिचे नाव 'जन शिक्षण संस्थान' झाले, आणि 2018 मध्ये ती शिक्षणाच्या मंत्रालयाकडून कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेली. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सोडलेले लोक हा तिचा वर्ग. लाभार्थ्यांत बहुसंख्य महिला असतात, कारण वर्ग मोहल्ल्यात भरतो आणि फी नाममात्र असते. शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर यांवर भर असतो म्हणून तिची थट्टा होते. मला ती पटत नाही. दोष शिवणकामात नाही. ब्लाउज बेतायला शिकवायचे आणि शिलाई किती घ्यावी, अस्तर-धाग्याचा खर्च कसा धरावा, ओळखीच्या बाईकडून पैसे कसे मागावेत, हे शिकवायचे नाही, यात दोष आहे. बहुआयामी या शब्दाचा अर्थ तिथे, त्या कात्रीपाशी, तपासायचा.

दल्ली राजहरा

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज दल्ली राजहराच्या खाणींतून येत आले आहे. तिथल्या ठेका खाणकामगारांनी 1977 मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात कामगार मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ, कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमांतून शहीद रुग्णालय उभे राहिले. 3 जून 1983 रोजी ते रुग्णांसाठी खुले झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली लक्षात घेण्याची गोष्ट अशी की डॉक्टरांनी खाणकामगारांतून आणि त्यांच्या कुटुंबांतून आरोग्य कार्यकर्ते तयार केले. दिवसा खनिज फोडणारा माणूस संध्याकाळी मलमपट्टी शिकत होता, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी का द्यायचे हे घरोघरी सांगत होता. इथे कोणी नोकरीचे आश्वासन दिले नव्हते. तरी शिकणे टिकले, कारण शिकलेले दुसऱ्याच दिवशी आपल्याच वस्तीत कामी येत होते.

28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगी यांची भिलाईत हत्या झाली. त्या वेळी ते भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांच्या वेतनाचे आणि कायम होण्याचे आंदोलन चालवत होते. 'काम' आणि 'नोकरी' यांतली भिंत किती उंच आहे हे मी वर्गात सांगतो तेव्हा या तारखेपाशी थांबतो.

वर्गात आणखी काय हवे

कामासाठी तयार करायचेच असेल तर कामात जे लागते ते सगळे द्यावे लागेल. हजेरी कार्ड आणि वेतनचिठ्ठी वाचणे, भविष्यनिधीचा क्रमांक आपल्याकडे ठेवणे, ईएसआयचे कार्ड मागून घेणे. आणि सुरक्षा. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. जून 2014 मध्ये भिलाई कारखान्यातील पंप हाऊसच्या परिसरात तो पसरून सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. अनुभवी माणसांना जो वायू चकवतो, त्याच्याविषयी तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमात एखादाच तास असेल, तर सज्जता हा शब्द वापरू नये.

राहिली शिकाऊ उमेदवारी. 1961च्या कायद्यानुसार, आणि 2019 मधील नियमदुरुस्तीनंतर, 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आपल्या संख्याबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. हे संख्याबळ मोजताना ठेक्यावरची माणसेही धरतात. केंद्रातला वर्ग आणि खरे यंत्र यांच्यातला हा सर्वांत जवळचा रस्ता आहे, आणि पदवीधर म्हणून तो तुम्हालाही खुला आहे. उमेदवारी संपल्यावर मालकाने कायम जागा द्यावी अशी सक्ती त्यात नाही. तरीही विद्यावेतन घेत खऱ्या यंत्रावर हात बसवता येतो, ही सोय अल्पमुदतीच्या वर्गात नसते.

स्वाध्याय

1. तुमच्या जवळचे एक प्रशिक्षण केंद्र निवडा. मागच्या तुकडीतील पाच जणांना भेटून आज ते काय करतात ते विचारा. उत्तर देताना ते 'नोकरी' म्हणतात की 'काम', तो शब्द जसाच्या तसा लिहून घ्या.

2. त्याच केंद्रात एका प्रशिक्षणार्थ्यामागे किती कच्चा माल वापरला गेला ते शोधा. रॉड, कापड, वायर, पीठ, जे असेल ते. मग त्याच कामासाठी माणसे घेणाऱ्या एका ठेकेदाराला किंवा दुकानदाराला विचारा की नव्या माणसाची परीक्षा तो कशी घेतो. दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी मांडा.

3. पाच जणांपैकी कोणी शिक्षण मध्येच सोडले असेल तर कारण विचारा. ते कारण 'आवड नव्हती' असे असले, तर भाडे, पाळी आणि घरातले लहान मूल यांविषयी आणखी एकदा विचारा.