दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, आता जायचे कुठे?

जून-जुलै महिना आला की आमच्या विहारात संध्याकाळची वर्दळ वाढते. मी कचेरीतून सुटून साडेसातपर्यंत तेथे पोहोचतो. एक टेबल, एक रजिस्टर, एक स्टेपलर आणि अलीकडे वस्तीतल्या एका तरुणाचा लॅपटॉप, एवढेच आमचे मार्गदर्शन केंद्र. मुलांचे फॉर्म भरून द्यायचे, दाखल्यांच्या झेरॉक्स तपासायच्या, पालकांच्या शंका ऐकून घ्यायच्या, हे काम आम्ही चारपाच कार्यकर्ते गेली कित्येक वर्षे करीत आलो आहोत.

पूर्वी पालक म्हणत, "भाऊ, पोराला कुठंतरी लावून द्या." आता प्रश्न बदलला आहे. "भाऊ, दोन ठिकाणी नाव लागलंय. कुठं धाडू?" हा प्रश्न ऐकला की मन आनंदाने भरून येते. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसावे लागले, त्यांच्या नातवंडांना आज निवड करता येते. परंतु त्याच वेळी काळजीही वाटते. एकच दार उघडे असते तेव्हा चुकायला जागा नसते. दोन दारे उघडी असतात तेव्हा चुकीच्या दारातून आत गेलेला मुलगा चार वर्षे आणि घराची पुंजी गमावून बसतो. असे झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आज एका कुटुंबाची हकीकत सांगतो.

दोन पत्रे

२०२३ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्याच वस्तीतील एक मुलगी बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली. तिने इंजिनिअरिंगसाठी राज्याची सीईटी दिली होती. वडील महानगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार, आई घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. घरचे वर्षाचे उत्पन्न २ लाख ४० हजार. धाकटा भाऊ नववीत.

सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला मुले 'कॅप' म्हणतात त्यातून, तिला लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखेत जागा मिळाली. १९८९ साली स्थापन झालेले हे सरकारी विद्यापीठ रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गावर, माणगाव आणि महाडच्या दरम्यान आहे. त्याच आठवड्यात पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचे पत्र आले. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे आणि वर लिहिलेले, 'अभिनंदन! आपली कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी निवड झाली आहे.' फी वर्षाला साडेतीन लाख, पण 'गुणवत्तेमुळे' पन्नास टक्के सवलत. चार दिवसांत ५० हजार रुपये भरून जागा पक्की करायची.

मुलीला कॉम्प्युटरच हवे होते. वडिलांना पुण्याचे नाव मोठे वाटत होते. आई म्हणत होती, "पुणं तरी माहितीचं हाय. त्या लोणेऱ्याला आपलं कोण हाय?" मावशीचे मत, मुलीला लांब धाडूच नका, इथल्याच कॉलेजात बी.कॉम.ला घाला. माझ्याकडे येण्याआधीच आईने बचत गटातून ५० हजार उचलायचे ठरवले होते. दुसऱ्या दिवशी पैसे भरायचे होते.

मी म्हणालो, "ताई, पैसे उद्याच भरा, पण आज रात्री एक तास मला द्या. आणि मुलीलाही बसवा. शिकायचे तिला आहे."

वहीच्या एका पानावरचा हिशेब

मी बी.कॉम. झालेला कारकून. मला मोठे तत्त्वज्ञान येत नाही, जमाखर्च येतो. वहीचे पान मधोमध दुमडले. डाव्या बाजूला पुणे, उजव्या बाजूला लोणेरे.

पुण्याची फी सवलत धरून वर्षाला पावणेदोन लाख. वसतिगृह आणि जेवण पत्रात लिहिल्याप्रमाणे १ लाख २० हजार. वर्षाचे झाले २ लाख ९५ हजार, चार वर्षांचे ११ लाख ८० हजार. त्या घरातल्या सर्वांची चार वर्षांची सारी कमाई, कोणी एक घास न खाता जपून ठेवली तरी, ९ लाख ६० हजार होते. वडील पानाकडे बघतच राहिले.

मग पत्राच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरातील अट मुलीला मोठ्याने वाचायला लावली. सवलत पहिल्या वर्षापुरती. पुढे ती टिकवायची तर दरवर्षी ठरावीक श्रेणीच्या वर राहायचे आणि एकही विषय मागे ठेवायचा नाही. पहिल्याच वर्षी अट मोडली तर उरलेली तीन वर्षे पूर्ण फी. म्हणजे एकूण खर्च १७ लाखांच्या पुढे. "आणि भाऊ, शिष्यवृत्ती?" आईने विचारले. मुख्य मुद्दा तोच होता.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची सुरुवात १९४४ सालची, बाबासाहेब व्हॉईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. आजही पालकांचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर तिचा लाभ मिळतो. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर महाराष्ट्रात शिक्षण फी व परीक्षा फीची सवलत आहे, तिला आपण फ्रीशिप म्हणतो. परंतु व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. आणि खासगी विद्यापीठ असेल तर ते विद्यापीठ व तो अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी पाहायचे असते. आम्ही लॅपटॉपवर शोधले, त्या विद्यापीठाचे नाव सापडले नाही. तेथील प्रतिनिधीला फोन लावला. तो म्हणाला, "आधी प्रवेश घ्या, मग बघू." मी म्हटले, "हेच कागदावर लिहून द्याल का?" त्याने फोन ठेवला.

आता पानाची उजवी बाजू. लोणेऱ्याची जागा कॅपमधली, त्यामुळे शिकवणी फी व परीक्षा फी शिष्यवृत्तीतून. शिवाय इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी वर्षाला १३,५०० रुपये निर्वाह भत्ता. वसतिगृह, खानावळ, पुस्तके, एस.टी. असा सगळा खर्च आम्ही वर्षाला ६० हजार धरला. भत्ता वजा जाता साडेशेहेचाळीस हजार. चार वर्षांचे १ लाख ८६ हजार. मात्र एक गोष्ट मी लपवली नाही. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात. म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी असलाच पाहिजे. बचत गटाचे कर्ज घ्यायचेच तर ते यासाठी घ्या, असे मी सांगितले.

मुलीचा प्रश्न

हिशेब संपला तेव्हा आईवडिलांच्या तोंडावरचा ताण उतरला, पण मुलीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "काका, पैसा कळला. पण मला कॉम्प्युटर हवं होतं. स्वस्त आहे म्हणून नको ते शिकू का?"

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. चार वर्षे त्या विषयाशी मुलालाच झुंजायचे असते. मुलीला न विचारता निर्णय घेतला तर ती फी नसलेल्या कॉलेजातूनही परत येईल. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कॅपमध्ये मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीची वाट पाहता येते. वरच्या पसंतीची जागा मिळाली तर आधीची आपोआप सुटते, नाही मिळाली तर हातची जात नाही. दुसरी, आमच्या वस्तीतून इलेक्ट्रॉनिक्स शिकून सॉफ्टवेअर कंपनीत लागलेल्या एका ताईशी मी तिचे फोनवर बोलणे करून दिले. ती ताई अर्धा तास बोलली. प्रोग्रामिंग या शाखेतही शिकायला लागते, आणि बाकीचे आपण आपले शिकायचे, हे तिने स्वतःच्या अनुभवाने समजावले. दुसऱ्या फेरीत कॉम्प्युटर मिळाले नाही. मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितले, "मी लोणेऱ्याला जाते."

बाबासाहेबांच्या शिक्षणातून एक धडा

शिष्यवृत्ती किती, हे आपण विचारतो. किती काळ, हे विचारायला विसरतो. बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला जाऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे त्यांनी प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राने उसने पैसे दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. एवढ्या असामान्य बुद्धीच्या माणसाची वाटही पैशाच्या मुदतीने तीन वर्षे अडवली. आपल्या मुलांसाठी शेवटच्या वर्षापर्यंतची तरतूद आजच पाहणे म्हणजे कमीपणा नव्हे.

पालकांनी हे जरूर करावे

जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते, हे बारावीच्या वर्षातच तयार ठेवावे. केंद्र सरकारच्या संस्थेत जायचे असेल तर जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण कागद चुकला तर हक्कही हातून निसटतो.

शिष्यवृत्तीचे पैसे आता मुलाच्या खात्यात येतात. ते फीचे पैसे आहेत, लग्नकार्याला किंवा घरदुरुस्तीला वळवू नयेत.

जागा पक्की करण्यासाठी मूळ दाखले कोणाकडेही ठेवून येऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की संस्थेने मूळ कागद तपासून परत द्यावेत, आणि ठरावीक मुदतीत प्रवेश रद्द केला तर फी परत द्यावी. आमच्याकडचा एक मुलगा काही वर्षांपूर्वी अशाच रंगीत पत्रावर गेला. दुसऱ्या वर्षाची फी भरता आली नाही, आणि दाखला मिळवायला त्याच्या बापाला सात खेपा घालाव्या लागल्या. आज तो मुलगा घरोघरी पार्सल पोहोचवतो. हुशार होता हो! आम्हीच त्या वेळी वही उघडली नाही, ही खंत मला आजही आहे.

याचा अर्थ खासगी ते वाईट आणि सरकारी ते चांगले, असा घेऊ नका. त्याच वर्षी एका रेल्वे कर्मचाऱ्याचा मुलगा खासगी विद्यापीठात गेला. वडिलांनी चार वर्षांची फी मोजून, लेखी हमी घेऊन, मगच पैसे भरले. त्याचे छान चालले आहे. ज्याच्या त्याच्या घराचा हिशेब वेगळा. नाव पाहून जाऊ नये आणि भीतीने थांबू नये, एवढेच सांगायचे आहे.

लोणेऱ्याच्या त्या मुलीचा पहिल्या वर्षी गणिताचा एक विषय राहिला. सुट्टीत घरी आली तेव्हा विहारात येऊन मान खाली घालून उभी राहिली. मी तिला म्हटले, "पोरी, रडू नकोस. पुण्याला असतीस तर या एका विषयाने तुझ्या बापाला वर्षाला पावणेदोन लाखांचा जादा भुर्दंड बसला असता. इथे फक्त पुन्हा पेपर द्यायचा आहे." तिने तो पेपर सोडवला. आता ती वरच्या वर्गात आहे, आणि यंदा सुट्टीत आमच्या टेबलावर बसून दुसऱ्यांचे फॉर्म भरत होती. एका गोंधळलेल्या बापासमोर तिने वहीचे पान मधोमध दुमडले, तेव्हा मी उठून तिला माझी खुर्ची दिली.

जयभीम.