चढणीचे मासे : केव्हा धरावे, किती धरावे?

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरी कोसळून ओहोळ-नाले गढूळ पाण्याने वाहू लागले, की कोकणात रात्रीच्या वेळी विजेऱ्या व जाळी घेऊन माणसे पाण्याकाठी जमू लागतात. नदीच्या डोहात उन्हाळा काढलेले मासे या सुमारास प्रवाहाविरुद्ध वर येतात. त्यालाच चढण म्हणतात; ठाणे, पालघर व रायगड भागांत वलगण हा शब्द रूढ आहे. पावसाळ्याच्या तोंडी घरात दुसरे कोरड्यास नसते, तेव्हा ही मासळी गरीब कुटुंबाला मोठा आधार असते. परंतु चढण पूर्वीसारखी येत नाही, अशी तक्रार आता गावोगाव ऐकू येते. तिचे एक कारण गावकऱ्यांच्याच हाती आहे.

मासे का चढतात?

मासे चढतात ते अंडी घालण्यासाठी. नव्या पावसाने पाणी थंड होते व त्यात प्राणवायू वाढतो. ओहोळ, पाणथळ गवत व भातखाचरे यांतील उथळ पाण्यात पिलांना पुरेसे सूक्ष्म खाद्य मिळते आणि मोठ्या माशांपासून आसरा लाभतो. पिले तेथे वाढतात व पाऊस ओसरताना पाण्याबरोबर नदीत उतरतात. चढणारा मासा हा अशा रीतीने पुढील वर्षांच्या मासळीचे बियाणे होय.

रोहूसारख्या मोठ्या जातीच्या मादीत दर किलो वजनामागे सुमारे दोन लाख अंडी असतात. त्यांपैकी बहुतेक नष्ट होतात. तरीही हजारात एक पिलू जगले असे धरल्यास एक किलोच्या मादीपासून दोनशे मासे तयार होतील. ओहोळात चढणाऱ्या लहान जातींची अंडी संख्येने कमी असतात, पण तीही हजारांनी मोजावी लागतात. शेतकरी पेरणीच्या तोंडावर बियाण्याची कणगी रिकामी करून खात नाही. गाभोळीने भरलेली मादी धरणे मात्र त्याच प्रकारचे आहे.

मांसाची प्रत

गाभोळी चविष्ट लागते म्हणून चढणीचा मासा उत्तम, असा समज आहे. वास्तविक या काळात माशाने अंगात साठविलेली चरबी व प्रथिने अंडी तयार करण्याकडे वळलेली असतात. अंडी घालून झाल्यावर तर मासा रोडावतो व त्याचे मांस सैल पडते. पावसाळाभर चरून त्याने पुन्हा अंग धरले, म्हणजे तोच मासा वजनाला व चवीला सरस ठरतो.

दुसरी अडचण टिकवणुकीची. एका रात्रीत टोपलीभर मासे मिळाले, तरी दमट हवेत व उन्हाच्या अभावी ते वाळविता येत नाहीत. बर्फ नसल्यास दुसऱ्या दिवशी त्यांना वास सुटतो. खाण्यापुरते घेऊन उरलेले उकिरड्यावर टाकावे लागणे, हे दुहेरी नुकसान होय.

अलास्कातील रीत

अमेरिकेच्या अलास्का राज्यात सॅमन नावाचा मासा समुद्रात वाढतो व अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या नदीत परततो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो खाणे सोडतो व अंगच्या चरबीवरच वर चढतो. त्यामुळे जसजसा तो पुढे जातो, तसतशी त्याच्या मांसाची प्रत उतरते. म्हणून व्यापारी मासेमारी मुख्यतः नदीमुखाजवळ व समुद्रात होते. परंतु तेथेही आधी बियाण्याचा विचार केला जातो. ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या काही नद्यांच्या काठी मनोरे बांधलेले आहेत. त्यांवरून दर तासाला दहा मिनिटे वर जाणारे मासे मोजतात. ठरलेल्या संख्येने मासे वर जात आहेत असे दिसले, तरच मासेमारीस मोकळीक मिळते. १९५९ साली अमलात आलेल्या त्या राज्याच्या घटनेतच मासळीचा उपयोग तिचे उत्पन्न कायम राहील अशा बेताने करावा, असे तत्त्व घातलेले आहे.

तेथील सॅमन अंडी घातल्यावर मरतो. कोकणच्या ओहोळातील मासे मात्र सहसा मरत नाहीत. वाचलेली मादी पुढील वर्षीही अंडी घालू शकते. तेव्हा तिला राखण्यात लाभ अधिकच आहे. मनोरे उभारण्याची गरज नाही. ‘आधी चढू द्यावे, मग धरावे’ एवढे तत्त्व घेतले तरी पुरे.

महाराष्ट्रातील उदाहरणे

ही दृष्टी येथे परकी नाही. महाडजवळील वाळणकोंड येथे व वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या डोहात देवाचे मासे म्हणून महसीर मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. पश्चिम किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रातील मासेमारी बंद असते. समुद्रातील मासळीला मिळणारी ही उसंत ओहोळातील मासळीलाही मिळावयास हवी.

गावाने काय करावे?

१. पहिल्या मोठ्या पावसानंतर निदान दोन आठवडे चढणीचे मासे धरू नयेत, असा ठराव ग्रामसभेत करावा. ज्या कुटुंबांचे पोट त्यावर आहे, त्यांना खाण्यापुरते मासे पागाने धरू द्यावेत. मात्र पोट फुगलेल्या माद्या सोडून द्याव्यात.

२. ओहोळाचे पात्र जाळ्याने किंवा कामट्यांच्या सापळ्यांनी पूर्ण अडवू नये. निम्म्याहून अधिक पात्र मोकळे ठेवावे.

३. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पाऊस सुरू होण्यापूर्वी काढावेत, म्हणजे माशांची वाट मोकळी राहील.

४. विष, सुरुंग किंवा विजेचा धक्का यांचा वापर कदापि करू नये. त्याने अंडी व पिलेही मरतात आणि माणसांच्या जिवाला धोका असतो. सुरुंग व विष यांनी मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले होते.

५. कीटकनाशक फवारलेल्या खाचरातील मासे खाऊ नयेत.

६. धरलेला मासा लगेच साफ करून स्वच्छ पाण्याने धुवावा, सावलीत ठेवावा व त्याच दिवशी खावा. ताज्या माशाचे डोळे तेजस्वी व कल्ले लाल असतात. बोटाने दाबलेले मांस लगेच वर येते.

ग्रामसेवकांनी ही माहिती मृगापूर्वीच्या बैठकीत सांगावी व शाळेतील मुलांनाही समजावून द्यावी. पहिल्या पंधरवड्यात वर जाऊ दिलेल्या माद्यांची पिलेच भाद्रपद-आश्विनात डोहाकडे उतरतील, आणि गावच्या ओहोळाला पुढल्या मृगातही चढण येईल.